उभा यजमान

दुपारचे तीन वाजले तरी फाटक वाजलं नाही.

विटोमिर सकाळपासून उभा होता. घराण्याच्या संताचा सण. या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, येईल त्याला उभ्यानेच वाढायचं असतं. बोलावणंही कुणाला धाडायचं नसतं. माणसं आपणहून येतात. टेबलावर मेणबत्ती जळत होती. शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद होता, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा होता. दारूच्या जागी यंदा चेरीचं सरबत होतं.

दारू सोडून त्याला अकरा महिने झाले होते. दवाखान्यातून तो परतला, त्यानंतर गावातल्या एकाही माणसाने त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आधी त्याला वाटलं, संकोचत असतील. मग कळून चुकलं, इतकी वर्षं लोक यायचे ते बाटलीसाठी. त्याच्यासाठी कुणीच येत नव्हतं.

प्यायची इच्छा झाली की काय करायचं, ते दवाखान्यात शिकवलं होतं. कुणाला तरी फोन कर. चालून ये. पोटभर खा. त्याने फोन लावला, तो कुणी उचलला नाही. नदीपर्यंत चालून आला. जेवला. चार वाजता तो चक्क खुर्चीत बसला. मग उठला, एक रिकामा पेला घेतला आणि शेजारी ओस्तोयाच्या अंगणात गेला.

ओस्तोया त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो एकटाच भट्टीपाशी बसला होता. आलुबुखाराच्या दारूचा ऊन वास अंगणभर पसरला होता.

"ओत," विटोमिर म्हणाला.

ओस्तोयाने पेल्याकडे पाहिलं. "नाही."

"वर्षभर तोंड दाखवलं नाहीस. आज सणालाही नाही. निदान घोटभर पाज तरी!"

"मारलंस तरी नाही ओतणार." ओस्तोयाची जीभ जड झाली होती. "तू दवाखान्यात होतास, तेव्हा तुझ्या डॉक्टरीणबाई गावात आल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी शब्द दिलाय त्यांना. पिऊन तुझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

विटोमिर बघतच राहिला. "अरे, मग न पिता यायचं होतंस, लेका!"

ओस्तोया भट्टीतल्या जाळाकडे पाहत राहिला.

"रोज सकाळी तेच ठरवतो रे, विटो. आज तर शर्टही घातला होता."

त्याच्या मळक्या जाकिटाखाली पांढरा, इस्त्रीचा शर्ट होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

विटोमिरने पेला खिशात टाकला.

"पहिला घोट किती वाजता घेतोस?"

"पाचला. उठल्या उठल्या."

"मग उद्या मी साडेचारला येतो."