तक्रार केली जाईल

मुलाखतीला पन्नास मिनिटं उरली होती आणि कॉम्प्युटर अजून मुका आणि बहिरा होता.

सुनेने सगळं करून पाहिलं. स्पीकरची पिन काढून परत लावली. आवाजाची पट्टी शंभरवर नेली. आवाज चुकून मॉनिटरकडे तर जात नाही ना, तेही सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. बंद करून चालू करणं हा तर घराघरातला रामबाण उपाय, तो चार वेळा झाला. कॉम्प्युटर ढिम्म. गेल्या आठवड्यात अपडेट झालं तेव्हा आवाजाचा एक भाग उडाला होता. तो परत बसवायला एक ओळ टाइप करायची, बस्. ती ओळ तिने वहीत उतरवून ठेवलेलीही होती. पण टाइप करायची तिची छाती होत नव्हती.

कारण आठ दिवसांपूर्वी तिने ती टाइप केली होती. या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स; म्हणून लिनक्सवाल्यांच्या एका साइटवरून ती उतरवून घेतली, आपला पासवर्ड दिला, आणि पडद्यावर उमटलं: ‘तुमचं नाव परवानगीच्या यादीत नाही. या प्रकाराची तक्रार केली जाईल.’

तक्रार कोणाकडे जाणार हे विचारायलाच नको होतं. कॉम्प्युटर सासऱ्यांचा, त्यात फेरफार कोणी करायचे त्याची यादीही सासऱ्यांची.

सासरे, म्हणजे घरातले अण्णा, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. तिथे रात्रभरातल्या बिघाडांची नोंद सकाळी चहाच्या आधी वाचायची, ही तीस वर्षांची सवय. एक्स्चेंज सुटलं, सवय सुटली नाही. आता ते रोज सकाळी सहाला कॉम्प्युटरची नोंद वाचतात. घरातल्या प्रत्येक स्विचखाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. बोलणं मात्र तार पाठवल्यासारखं, मोजून. चार वर्षांपूर्वी, मूल झाल्यावर, तिने लॅबमधली नोकरी सोडली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “बरं.” त्या ‘बरं’चा अर्थ ती अजून लावत होती.

तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी ती वाटच बघत बसली, आता ऐकवतील, मग ऐकवतील. संध्याकाळी अण्णांनी एवढंच विचारलं, “कॉम्प्युटर ठीक आहे?”

“हो अण्णा, अगदी.”

चोराच्या मनात चांदणं. तिसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. चौथ्या दिवशीही तोच. माणसाने इतकं खोचक असू नये, सरळ रागवून मोकळं व्हावं, असं तिला वाटायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “विचार ना अण्णांना, खाऊन टाकणारेत का तुला?” असं म्हणणाऱ्याने स्वतः गेल्या वीस वर्षांत अण्णांना काही विचारलेलं नव्हतं.

पण आज इलाज नव्हता. लॅबचे रिपोर्ट घरबसल्या तपासायचं काम होतं. मूल शाळेत जायला लागलं होतं आणि दुपारभर घड्याळाकडे बघणं हे काही काम नव्हे. मुलाखत कॉम्प्युटरवरूनच द्यायची, रिपोर्ट पडद्यावर बघत बोलावं लागेल, फोन चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. चार वर्षं घरी बसलेल्या बाईला दुसऱ्यांदा कोण बोलावतंय? तिला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

अण्णा गॅलरीत जुना रेडिओ उघडून बसले होते. ती जाऊन उभी राहिली.

“अण्णा, एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “होतोय का दुरुस्त?” आणि स्वतःवरच चिडली. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवायचं? “अण्णा, अकरा वाजता माझी मुलाखत आहे. नोकरीची. कॉम्प्युटरला आवाज नाही. आणि आठ दिवसांपूर्वी मी तुम्हाला न विचारता त्यात हात घातला होता. त्याची तक्रार आली असेल तुमच्याकडे.”

“आली. दुसऱ्या दिवशी सहाला वाचली.”

“मग?”

“मग काय? तीच ओळ परत टाइप कर.”

“पण यादीत माझं नाव...”

“कर तर.”

तिने कॉम्प्युटरसमोर बसून वही उघडली. अक्षर अन् अक्षर तपासत ओळ टाइप केली, पासवर्ड दिला आणि डोळे मिटून एंटर दाबलं. उघडले तेव्हा पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकत होती. तिला कोणी अडवलं नाही. कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला आणि सुरू होताना आठ दिवसांत पहिल्यांदा ‘टुंग’ वाजला. पावणेअकरा झाले होते.

अण्णा मागे येऊन उभे होते. त्यांनी वाकून यादी उघडून दाखवली. दोनच नावं. वर त्यांचं, खाली तिचं. तिच्या नावापुढे, एक्स्चेंजच्या शिस्तीने, तारीख आणि वेळ: तक्रारीच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

“तुमच्या लेकाचं नाव नाही यात?” तिने विचारलं.

“त्याने कधी काही दुरुस्त करायला घेतलंय?”

तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. आठवडाभर दार उघडं होतं आणि ती बाहेर कडी शोधत बसली होती.

“मग तुम्ही बोलला का नाहीत, अण्णा?”

“आमच्या एक्स्चेंजमध्ये ज्याला बिघाड सापडला, दुरुस्तीही त्याचीच. दुसरा मधे पडत नाही.” अण्णांनी खुर्ची तिच्या बाजूला सरकवली. “रोज संध्याकाळी तुला विचारत होतो. रोज सकाळी नोंद बघत होतो. म्हटलं, आज तरी पोरीने परत करून बघितलं असेल.”