डॉक्टरबाईंची सुट्टी

दिवस भरायला अजून दोन आठवडे होते, लेकीला दुखत नव्हतं की खुपत नव्हतं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्याच सलाइन लावून कळा सुरू करू.

"सगळं ठीक आहे म्हणता, मग एवढी घाई कशाला?" लेकीची आई वैतागली.

"अहो, शनिवारी मी माझ्या मुलीकडे चाललेय, तिचंही पहिलंच बाळंतपण आहे. तुमची लेक ऐनवेळी परक्या हाती पडण्यापेक्षा मी असतानाच मोकळी झालेली बरी. दोन आठवड्यांनी काय बिघडतंय?"

डॉक्टरपुढे कुणाचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी आईनं लेकीला दवाखान्यात नेलं. लेक दिवसभर कळांनी पिळवटून निघाली, आणि नातू जन्मला तो धापा टाकतच. फुप्फुसं कच्ची आहेत म्हणत नर्सनं त्याला थेट काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं. इकडे लेकीला पान्हा फुटलेला, आणि बाळाला साधं उराशी धरायची सोय नाही.

शनिवारी आई बाळाला ठेवलेल्या खोलीबाहेरच्या बाकावर चरफडत बसली होती. डॉक्टरबाई बॅग ओढत जाता जाता बाळाला बघायला आल्या, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. खोलीच्या काचेला नाक लावून आत बघत त्या म्हणाल्या,



"छे गं, कळा सुरू करायच्या नाहीत म्हणून तिथल्या डॉक्टरांना ठणकावून सांग. दोन आठवडे आहेत ना अजून, बाळाला त्याच्या वेळेनं येऊ दे. मी थांबेन की."