सर्व हक्क भावजींचे

“दादाचं नाव खोडा आणि तिथे माझं घाला,” धाकटा म्हणाला.

छापखानेवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पण खोडलं काहीच नाही. त्यांनी समोर बसलेल्या पेंटरीणबाईंकडे पाहिलं.

टेबलावर पेंटरच्या पुस्तकाची पानं पसरली होती. छप्पन्न पानं, आणि पानापानावर दुकानांच्या पाट्यांवर काढायची अक्षरं: जाड, बारीक, सावलीची, तिरकी. पेंटर जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याने पहिली आवृत्ती काढली तेव्हा आत दुकानाचा पत्ता तेवढा होता, कर्त्याचं नाव नव्हतं. ‘पाटीवर कधी रंगवणाऱ्याचं नाव असतं का?’ असं म्हणायचा तो. आता तीन चित्रशाळांनी पुस्तक लावलं होतं, दुसरी आवृत्ती निघत होती आणि पहिल्या पानामागे हक्कांचा मजकूर घालायचा होता. पेंटरीणबाईंनी तो घरूनच लिहून आणला होता. त्यात नवऱ्याचं नाव होतं.

धाकट्या दिरालाही त्यांनीच निरोप धाडला होता. घरच्यांना विचारलेलं बरं, म्हणून. निरोप मिळताच हा धावत आला.

या माणसाने आयुष्यात ब्रश धरला असेल तर तो दाढीचा. भावाच्या दुकानात यायचा तो चहा ढोसायला, आणि जाताना ‘कामं वाढव जरा’ असा सल्ला टाकून जायचा. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा नेमकी याची पाठ धरली. पुस्तक शाळांमध्ये लागल्याची बातमी आली आणि पाठ सुटली.

“भावजी, निदान ह्यांचं नाव तरी राहू द्या,” पेंटरीणबाई म्हणाल्या. “पाट्यांचा रंग तर सगळा उडून गेला उन्हात. एवढं नावच काय ते उरलंय माझ्याकडे. त्याला धक्का लागलेला मला सोसायचा नाही.”

“रडगाणं नको वहिनी. कायद्याच्या गोष्टी आहेत या, तुमच्या डोक्यावरून जातील. दादा नुसता गिरवायचा. वळणं सगळी माझी.”

“तुमची?” छापखानेवाल्यांच्या तोंडून निघूनच गेलं. त्यांनी एक पान पुढे सरकवलं. “ही सावली कशी काढलीत? आधी काळा मारलात की आधी लाल?”

“बरोबर जो आधी मारायचा तोच मारला.”

“आणि ब्रश कुठला?”

“चांगल्यातला.”

छापखानेवाले खुर्ची सरकवून उभे राहिले. आता हे याला मानेला धरून बाहेर काढणार, असं वाटत असतानाच पेंटरीणबाईंनी हात वर केला.

“राहू द्या हो. घरातल्या घरात तमाशा नको. लिहा त्यांचंच.” त्यांनी डोळे पुसले. “पण भावजी, उद्या कोणी येऊन म्हणालं की ही अक्षरं दुसऱ्याचीच आहेत, तर मी एकटी बाई काय उत्तर देणार?”

“तुम्हाला विचारतंय कोण? मी बसलोय ना! कोर्टात खेचीन एकेकाला.”

“तुम्हीच उभे राहाल?”

“मीच. दुसरं आहे कोण?”

“मग तसं सहीनिशी लिहून द्या. पहिल्या आवृत्तीपासून सगळं तुमचं, ह्यांचा एका रेघेलाही हात लागलेला नाही, असं.”

बाई इतक्या पटकन लोळण घेईल असं धाकट्याला वाटलं नव्हतं. त्याने छापखान्याचाच कागद घेतला, छापखान्याचंच पेन घेतलं आणि पानभर लिहून काढलं. खाली लफ्फेदार सही ठोकली. कोणी मागितला नव्हता तरी घरचा पत्ता घातला, आणि फोन नंबर एक सोडून दोन. मग हक्कांचा मजकूर सांगायला उभा राहिला.

“घ्या लिहून. ‘या पुस्तकातील प्रत्येक अक्षर माझ्या स्वतःच्या बुद्धीतून उतरले आहे. परवानगीवाचून कोणी एक काना जरी उचलला, तरी त्या चोरावर फौजदारी करण्यात येईल.’ ‘चोर’ जाड ठशात टाका. लोकांना जरब बसली पाहिजे.”

दारापर्यंत गेला आणि वळला. “तोंड पाडून बसू नका वहिनी. दोन प्रती देईन तुम्हाला. फुकट.”

त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. छापखानेवाल्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

“काय केलंत हे बाई? तो एक निर्लज्ज, पण तुम्ही? नवऱ्याचं नाव स्वतःच्या हाताने पुसलंत?”

पेंटरीणबाईंनी पिशवीतून वकिलाचं पत्र काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. ‘आमच्या अशिलाच्या दिवंगत वडिलांच्या वहीतील छप्पन्न पाने जशीच्या तशी चोरून आपल्या दुकानातून पुस्तक विकण्यात आले आहे. पुस्तकावर कर्त्याचे नाव नाही. सदर इसमाचे नाव व पत्ता आठ दिवसांत कळवावा.’

“छपाई थांबवा,” धाकट्याचा कागद नीट घडी करत पेंटरीणबाई म्हणाल्या, “आणि एक पाकीट द्या. आज सातवा दिवस आहे.”