वहिनी सुट्टीवर

नणंदेने दार उघडलं तेव्हा तिच्यामागे हॉलमध्ये भरलेल्या बॅगा उभ्या होत्या. त्यांच्यावर मुलांच्या पोहायच्या ट्यूबा आणि उन्हाच्या टोप्या. आणि दारात उभ्या वहिनी. त्यांच्याही हातात बॅग.

"वहिनी, तू? अगं, आम्ही तुमच्याकडेच निघालोय."

"जा की. घर उघडंच आहे. मी इथे सुट्टीला आलेय," वहिनी म्हणाल्या आणि चपला काढून सोफ्यावर टेकल्या.

वहिनींचं घर समुद्राकाठी. वरच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने, आणि उन्हाळा आला की उरलेल्या जागेत नातेवाईक. मावसभाऊ, मावसभावाचा साडू, साडूचे शेजारी. येणारा प्रत्येक जण म्हणे, "मजा आहे बुवा तुमची." "आमच्याकडे या" असं मात्र कुणी चुकूनही म्हणत नसे. स्वर्गात राहणाऱ्याला बोलावून दाखवायचं तरी काय? पाहुण्यांना होडीतून फिरवणं आणि गप्पांचा फड रंगवणं हे नवऱ्याचं खातं. चूल, चादरी आणि घरभर पसरणारी वाळू हे वहिनींचं.

काल सकाळी त्या दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. वरच्या खोलीतली पाहुणी आळस देत म्हणाली, "तुम्हाला बरंय हो. बाराही महिने सुट्टीच."

वहिनी हसल्या. उरलेल्या चादरी बादलीतच ठेवून त्या आत गेल्या आणि कपाटावरची बॅग खाली ओढली.

नवऱ्याला आधी थट्टाच वाटली. "ऐन सीझनमध्ये? अगं, सगळं जग इथे येतं. तू इथून जाणार कुठे?"

"जिथे बघायला काही नाही तिथे."

नणंदेचं गाव अगदी तसंच होतं. कारखाने, गोदामं, एकासारख्या एक इमारती. खिडकीतून दिसे ती समोरच्या इमारतीची ओल आलेली भिंत. वहिनींना ती भिंत फार आवडली. ती बघायला कुणी मुक्कामाला येणार नव्हतं.

"पण वहिनी, तूच इथे राहिलीस तर तिथे आमचं जेवणखाण कोण..." नणंदेने जीभ चावली. आतून तिच्या नवऱ्याने डोकावलं, वारं कुठून वाहतंय ते ओळखलं, आणि सामान गाडीत ठेवायच्या निमित्ताने मुलांना घेऊन तो खाली सटकला.

दोघीच उरल्या. नणंद उरलेल्या बॅगेवर बसली.

"एक सांगू? रागावू नकोस. वर्षभर मी इथे मरमर मरते. नोकरी, घर, मुलांचे अभ्यास. आईबाबा गेल्यापासून माहेर म्हणून मला तेवढं एकच घर आहे. तिथे चार दिवस कुणीतरी मला आयतं ताट वाढतं. तूच नसलीस तर मी जाऊ कुणाकडे?"

हे वहिनींना ठाऊक नव्हतं. आपल्याकडे येणारी प्रत्येक बाई मजा करायला येते, असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांना गलबलून आलं. हात आपसूक बॅगेकडे गेला. परत जावं, हिला चार दिवस वाढावं, आपलं काय, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष. ते शब्द मनात उमटले आणि वहिनींनी हात मागे घेतला.

"वन्सं, तुमचं माहेर तुमच्या दादांपाशी आहे. मी तर तिथे सासरी आलेली. तुम्ही खुशाल जा. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. एका भांड्याला जरी हात लावलात तर माझी शपथ."

"दादाला साधा चहा येत नाही गं."

"होडी वल्हवायला काय आईच्या पोटातून शिकून आले होते?"

नणंदेला हसू आवरलं नाही. जाताना तिने घराची किल्ली वहिनींच्या हातावर ठेवली, पण चेहरा चिंतेचाच होता.

मग वहिनींनी सुट्टी घेतली. दुपारी झोपल्या. भूक लागली की पाव खाल्ला. कप विसळायचा राहिला तर राहू दिला. नवऱ्याचा फोन आला, "मीठ कुठे असतं?" वहिनी म्हणाल्या, "स्वयंपाकघरात," आणि फोन ठेवला. पुन्हा आला, "भाताला पाणी किती?" "घाला आणि बघा."

एका दुपारी नणंदेचा फोन आला. ही आता परत ये म्हणणार, हे वहिनींनी ओळखलं आणि नाही म्हणायची तयारी करूनच फोन कानाला लावला.

"वहिनी, भात अर्धा कच्चा होता आणि भाजी करपलेली," नणंद म्हणाली. "दादाने स्वतः ताट आणून पुढ्यात ठेवलं. मी खाईपर्यंत समोर बसून राहिला. मग विचारलं, आणखी वाढू का."

मग ती हळूच म्हणाली,

"इतकी वर्षं मी तुझ्याकडे येत होते गं. माहेरी आज आले."