झिजलेला अंगठा

माझ्या नातीला, रत्नाला, शहापूरला कॉलेजात प्रवेश मिळाला. ‘पहिल्या दिवशी मशीनवर अंगठा लावूनच आत सोडू,’ असा फोनवर निरोप आला आणि ती घाबरली. बारावीचा शेवटचा पेपर झाल्यापासून ती आमच्याबरोबर वीटभट्टीवर होती. विटा थापून अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. आठ दिवस ती त्याला खोबरेल चोळत होती.

“आजा, मशीननं नाय घेतला तर घरी पाठवतील?”

“नाय गो,” मी म्हणालो. रेशनच्या मशीननं माझा अंगठा कधीच नाकारला होता, ते सांगितलं नाही.

कॉलेजच्या फाटकावर मशीन तीनदा लाल झालं. रत्ना रडवेली होऊन मागे वळली. तेवढ्यात शिपायानं वही उघडली आणि तो ओरडला, “भट्टीवरनं आलेल्यांनी इकडं सह्या करा रे!”



अर्धी रांग वहीकडे सरकली.