हाफ इंजिन

गाडी माझ्या लग्नाहून जुनी, म्हणून मेकॅनिकला आधीच बजावलं, "फुल इंजिन करायचं नाही, हाफच. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट बदला. ताकद वाढवू नका, जिवाला जरा आराम पडू द्या."

बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळही आजचीच होती. पण हा मेकॅनिक एकदा हातचा गेला की महिनाभर सापडत नाही, म्हणून डॉक्टरांना मी पुढच्या आठवड्यावर टाकलं. ती "बरं" एवढंच म्हणाली. चिडली असती तर मला सकाळचा चहा तरी गोड लागला असता.

मेकॅनिक विचारत गेला, मी वहीतून तारखा वाचत गेलो. ऑइल कधीपासून खाते, धूर कधीपासून सोडते, चढावर कधीपासून दमते.

"वा, काका! पेशंटची एवढी काळजी दवाखान्यातही घेत नाहीत," तो म्हणाला. "आणि धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, हे कधीपासून?"

मी वहीची पानं पुढेमागे केली. नेमकी तीच नोंद नव्हती.

"दीड वर्ष झालं, वर अकरा दिवस," स्टुलावरून आवाज आला.

"काकू, इतकं नेमकं?"

"डॉक्टरही हेच विचारतील म्हणून मोजून ठेवलंय," ती म्हणाली. "स्टिअरिंगवर हे बसतात ना. मागे मी असते."