डाव्या दांड्याचा चिमटा

दांडा वाकला, पण चिमटा सुटला नाही.

बोटीच्या डाव्या बाजूला बाहेर काढलेला तो लांब दांडा बघता बघता पाण्याकडे झुकला. मागे फेसातून निळीजांभळी पाठ वर आली, भाल्यासारखी चोच दिसली आणि दातांच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, "मार्लिन!" त्यांनी रॉड धरला. रीळ मात्र गप्प. दोरी अजून दांड्यावरच्या चिमट्यातच अडकलेली होती. माशानं दोनदा मान झटकली. रंगीत नकली मासा त्याच्या तोंडातून उडून पाण्यावर आपटला आणि दांडा पुन्हा सरळ झाला.

बाई सहा वर्षं या एका माशासाठी बोट भाड्यानं घेऊन येत होत्या. दवाखाना बंद ठेवून, उन्हात करपून, दरवर्षी हात हलवत परत जात होत्या. त्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहिल्या.

वर बोट चालवत होता तो सुकाणू सोडून शिडीवरून खाली उतरला. काम तसं सोपं असतं. आमिषाच्या दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर त्या लांब धरायच्या. मासा लागला की चिमट्यानं दोरी सोडायची, पुढची झुंज रॉडवर. चिमटा सैल राहिला तर साधी लाटसुद्धा दोरी ओढून नेते. घट्ट बसला तर आत्ता झालं ते होतं.

हे सगळं त्याला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. बोटही त्यांचीच. गुडघे गेल्यावर त्यांनी सुकाणू जावयाच्या हाती दिलं आणि स्वतः खाली दोऱ्या बांधायला राहिले. पण म्हाताऱ्याचे चिमटे ढिले असायचे. रोज निघताना, सहज नजर टाकतोय असं दाखवून, जावई दोन्ही स्क्रू आवळायचा आणि मगच वर जायचा. दोन वर्षांत सात मार्लिन लागले. सातही त्यानं मनातल्या मनात आपल्याच नावावर लावले होते.

आज सकाळी मात्र त्याला राहवलं नाही. सासरे दारात बसून बूट चढवत होते.

"मामा, आजपासून तुम्ही घरी आराम करा," तो म्हणाला. "दोन वर्षं तुमचे चिमटे मीच परत आवळतोय. बोललो नाही, एवढंच."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. सासऱ्यांच्या एका पायात बूट होता. तो त्यांनी काढला. "बरं," म्हणाले, आणि आत गेले.

आता बोटीवर बाई त्याच्याकडे बघत होत्या. "चिमटा सुटला कसा नाही?"

आज दोन्ही दांडे त्यानं एकट्यानं लावले होते. सासऱ्यांचा हातही लागला नव्हता. तरी त्याच्या तोंडून गेलं, "काल संध्याकाळीच मामांनी बांधून ठेवलं होतं. वय झालं त्यांचं, हात थरथरतो. मी तरी काय बोलणार?"

खोटं इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"मामांनी?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. "अहो, काहीतरीच काय! तुम्ही शिडी चढून वर गेलात की त्यांचं पहिलं काम तेच असायचं. दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा आटा मागे फिरवायचे. मी विचारलंसुद्धा एकदा. म्हणाले, जावयाचा हात जरा जड आहे, पण मन लावून करतो बिचारा. त्याला कशाला सांगा?"

त्याचे कान तापले. तो स्क्रूकडे बघत राहिला. सातही मासे एकामागून एक डोळ्यांसमोरून गेले, आणि एकही त्याचा नव्हता. सकाळी मामांना हे चार शब्दांत ऐकवता आलं असतं. त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही. बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. लोकांच्या तोंडात बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. आत काय किडलंय ते त्यांना न सांगताही दिसलं असावं.

परतीच्या वाटेवर त्यानं वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. दुपारी घरी पोचला तेव्हा सासरे स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी काढून तिला तेल देत बसले होते. दार कुरकुरत नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं होतं, इतकंच.

"लागला होता का?" त्यांनीच विचारलं.

"लागला. सुटला."

"अरेरे! बाईंचा?"

"हो." जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "मामा, चिमटा मीच आवळला होता. तुम्ही रोज सैल करायचात ते... आज कळलं मला."

सासऱ्यांचा हात थांबला. सकाळचं काही काढतील, निदान एखादा टोमणा मारतील, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. मारला असता तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे बाईंना खरं सांगून बसलात?" त्यांनी विचारलं.

त्याची मान आणखी खाली गेली. म्हाताऱ्यानं त्याचा अर्थ होकार असाच घेतला.

"वेडे की काय तुम्ही, जावईबापू!" ते कळवळून म्हणाले. "माझं नाव सांगून मोकळं व्हायचं. मला थोडंच आता त्यांना तोंड दाखवायचंय?"